खरकटा हात

उतारवयात प्रथमच लेखणी धरण्याचे हे धाडस वाचकांनी क्षम्य मानावे. वसमतच्या आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला कुरुंद्याच्या पाहुण्यांसोबत एक वृद्ध बाई आल्या होत्या. त्यांचे नाव विचारायचे राहूनच गेले. स्वयंपाकघरातले तांब्याचे सिंक मी सकाळीच लिंबू-मिठाने घासून लखलखीत केले होते आणि जेवून उठणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने तिथेच हात धुवायला लावत होतो. त्या मात्र खरकटा हात अंगापासून दूर धरून थबकल्या.

"मावशी, इथंच धुवा ना."

"न्हाई बाप्पा. तांब्याच्या ताम्हणात आमी देव धुतो, त्यात खरकटं कसं सांडू?" त्या हसल्या. "तुमी शिकलेले लोक, तुमाला चालतंय."

अंगणातल्या नळावर हात धुऊन त्या परत आल्या. सिंकमध्ये चिकटलेली भाताची शिते त्यांनी एकेक करून वेचली, पदराने कड पुसली आणि बोटे कपाळाला लावली. पाहुण्यांसमोर मला मान वर करवेना.

आजही ते सिंक मी चिंचेने घासून चकचकीत ठेवतो. जेवणानंतर हात मात्र अंगणात धुतो, तेही कुणी पाहत नसताना. तुम्ही कुठे धुतले असते?