पूर्वेचं दार

भिंतींना कान असतात, ही म्हणसुद्धा मी कधी मनावर घेतली नाही. सिव्हिल इंजिनिअर आहे मी. माझ्यासाठी भिंत म्हणजे विटा आणि सिमेंट. तरी गेल्या वर्षी भोरला जे झालं, ते घडलं तसं सांगते.

भोरमधलं संस्थानकाळातलं प्रसूतिगृह, बरीच वर्षं बंद पडलेलं. एका कंपनीने ते ऑफिससाठी घेतलं आणि दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलं. मला आठवा महिना होता, पण साइट सोडवत नव्हती. उंच छत, दगडी कमानी... दुपारी जुन्या काचांमधून हिरवट उजेड उतरायचा. पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी जुन्या वॉर्डात खुर्चीवर टेकले. डोळा लागला असावा. जाग आली तर समोर एक वयस्कर बाई — पांढरं लुगडं, हात नुकते धुतल्यासारखे ओले. शेजारपाजारच्या असतील असं वाटलं. भीती अजिबात नाही.

"सकाळधरनं हाललंय का गं?" त्यांनी विचारलं.

मी आठवू लागले... सकाळपासून एकदाही नाही. कामाच्या नादात लक्षच नव्हतं. त्यांनी पोटावर हात ठेवला. गार, पण बरा वाटणारा.

"घरी जाऊ नगंस, पोरी. दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता."

एवढं बोलून त्या पूर्वेच्या दाराने शांतपणे निघून गेल्या.

माझी हाक ऐकून शेवंतामावशी धावत आल्या. त्या पासली गावच्या, आमच्याकडे बांधकामावर येतात.

"मावशी, आत्ता गेल्या त्या बाई कोण?"

"कुठं बाई? म्या पायरीवरच बसलीया. कुनी आलं न्हाई, गेलं न्हाई." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "उठा म्याडम. टेम्पो हाय भाईर."

नसरापूरजवळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी ठोके ऐकले आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. नाळेचे दोन वेढे होते गळ्याभोवती. संध्याकाळी मुलगी झाली — एवढीशी, पण खणखणीत रडली.

तिसऱ्या दिवशी तिला पाजताना एकदम लक्षात आलं... पूर्वेचं दार? ते तर आम्ही आठवड्यापूर्वीच विटांनी बुजवलं होतं, सर्व्हर रूमसाठी. प्लास्टर मी स्वतः तपासलं होतं.

नवरा म्हणतो, अर्धवट झोपेत तुझ्याच मनाने तुला सांगितलं. असेलही. मला ते पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

कामावर परतल्यावर मी ते दार पुन्हा उघडायला लावलं. ड्रॉइंगवर कारण लिहिलं — व्हेंटिलेशन. इतक्या वर्षांच्या नोकरीत ड्रॉइंगवर खोटं लिहिलं ते तेवढंच.