भूकंपात गेलेली पाळी

भूकंप झाला त्या वर्षी मी शाळेत शिकत होते. लातूरजवळच्या मुरुडला आमचं घर पडलं नाही, भिंतींना भेगा गेल्या. तरी कितीतरी आठवडे आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपत होतो, कारण घरात पाय ठेवायचा म्हटलं की आई थरथरायची. त्याच सुमारास तिची पाळी थांबली. तिला तेव्हा सदतिसावं होतं. आधी तिला वाटलं दिवस गेलेत. तसं काही नव्हतं. मग थंडीतही घाम फुटायला लागला, छातीत धडधडायला लागलं, आणि गल्लीतल्या बायकांनी निकाल देऊन टाकला, हिनं धसका घेतला म्हणून गेली. वडील चारचौघांत हसून म्हणायचे, "आमची मंडळी लई भित्री." आईनंही ते मानून घेतलं. बायकांत विषय निघाला की ती खाली बघून सांगायची, "माझी भूकंपात गेली." घरातलं माणूस गेल्याचं सांगावं, तशी.

पुढं मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येत होती, आणि क्लासच्या वर्गात उभं राहायला जागा नसायची. लग्न उशिरा झालं. नवरा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात, मी लातूरला. शनिवारी एसटीनं नांदेड, सोमवारी परत. मुलाचं आम्ही पुढं ढकलत होतो. परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे, नवी बॅच मार्गी लागू दे.

चौतिसावं लागलं आणि माझी पाळी बिघडली. आधी लवकर लवकर यायला लागली, मग एक महिना आलीच नाही. दगदग झाली असेल म्हणून मी गप्प राहिले. त्याच दिवसांत प्रजननाचा धडा चालू होता. "मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयातली सगळी बीजं तिच्याजवळ असतात, नंतर फक्त कमी होत जातात," हे वाक्य मी वर्षानुवर्षं बोलत आले होते. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग कुणाची कधी संपणार, हे आधी कळतं का?"

परीक्षेला असा प्रश्न येत नाही, असं सांगून मी फळ्याकडं वळले. मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. पंखा डोक्यावरच होता. त्या क्षणी मला पत्र्याखाली पदरानं वारा घेणारी आई दिसली.

त्या रविवारी आम्ही दोघं मुखेडला मावशीला बघायला गेलो. मावशी आईची थोरली बहीण. न्हाणीच्या उंबऱ्यात पाय अडखळला एवढंच, तर मनगट मोडलं होतं. नवरा बाहेर काकांशी बोलत बसला, तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "मावशी, तुझी पाळी कधी गेली गं?"

"लई दिवस झाले की. अडतीस असंल मला."

"भूकंपाच्या वेळी?"

"त्याच्या आधीच गेली होती, माय. आन् इथं कुठं काय झालं भूकंपात? फळीवरची भांडी वाजली, बस्स. आमच्या मायचीबी लवकरच गेली होती. ती म्हणायची, आपल्याकडं असंच हाय."

मी तिच्या प्लास्टरकडं बघत राहिले. भूकंपाचं कारण होतं तोवर मी सुरक्षित होते. ते आईच्या वाट्याला आलेलं होतं, माझ्या नाही. आता तो आधार गेला.

येताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या रजा टाक. दवाखान्यात जाऊ."

नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. रक्ताचा रिपोर्ट बाहेरून यायचा होता. तोवर मी लातूरला शिकवत होते, आणि फोन वाजला की वाक्य अर्धवट सोडून वर्गाबाहेर जायचे. बाथरूममध्ये जायचीही भीती वाटायची. पाळी आलेली दिसली तर भीती, नाही दिसली तरी भीती.

रिपोर्ट समोर ठेवून मॅडम म्हणाल्या, "वयाच्या मानानं बीजांचा साठा कमी आहे."

"किती वर्षं आहेत माझ्याकडं?"

"हे ही तपासणी सांगत नाही. कुणीच नेमकं सांगू शकत नाही. पण आईची आणि मावशीची लवकर गेली, तर तुमचीही लवकर जाण्याची शक्यता जास्त. मूल हवं असेल तर थांबू नका."

मी भर हंगामात क्लास सोडला. नांदेडला आले, गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली. एकदा दिवस राहिले, पण गर्भ टिकला नाही. मग काही महिन्यांनी पुन्हा दिवस राहिले, आणि मुलगी झाली. एकोणचाळिसाव्या वर्षी माझी पाळी गेली ती परत आली नाही.

ते सांगायला मी मुरुडला गेले. मावशीचं, आजीचं, डॉक्टरांचं, सगळं आईला सांगितलं. बहिणी बहिणी असून हा विषय आई आणि मावशीत कधी निघालाच नव्हता. आई म्हणाली, "म्हंजी मी भ्याले म्हणून न्हाई गेली?"

"नाही गं."

ती उठली आणि बाहेरच्या खोलीत वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "आयकलं का? मी भित्री न्हवते." वडिलांना काहीच कळेना. ती तिथंच खुर्चीवर बसून रडायला लागली.

मुलगी आता मोठी होत चालली आहे. तिला हे सांगायचं आहे, आणि वेळेत सांगायचं आहे. पण ती शेजारी येऊन बसली की मी दुसरंच काहीतरी बोलते. तिचं असंच होईल असं नाही, असं डॉक्टर म्हणतात. होणार नाही, असंही त्या म्हणत नाहीत.