अदेरो काय ओरडत होती

पेरेझ अकुमूचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिवणकामाचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. किसुमूच्या कोंडेले चौकात आम्ही दोघी शेजारी शेजारी म्हाताऱ्या होत आलो. ती लग्नांचे फोटो काढायची, ओळखपत्रांचे काढायची आणि सगळ्यात जास्त मयतांचे. आमच्याकडे मयत म्हणजे सगळं गाव लोटतं, तंबू ठोकतात, बैल कापतात. तिथे फोटो काढून काढून तिची नजर अशी तयार झाली होती की गर्दीतल्या कुणाला आता रडू फुटणार, हे तिला आधीच कळायचं.

मोर्च्यांच्या मागे ती मुद्दाम गेली नाही. मोर्चेच तिच्या दारावरून जायचे. सरकारने काही केलं की लोक कोंडेलेत जमणार, टायर पेटणार, मग अश्रुधूर. मी शटर ओढून आत बसायची आणि ती कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडायची.

"अगं, आज गिऱ्हाईक तर येणार नाही. बसून काय करू?" म्हणायची.

हळूहळू नैरोबीचे पेपरवाले तिच्याकडून फोटो मागवायला लागले.

मक्याच्या पिठाचे भाव भडकले त्या वर्षी तिने तो फोटो काढला. रिकाम्या रस्त्यात एक जाडजूड बाई एकटीच उभी. मागे धूर, बाजूला ढाली घेतलेले पोलीस. बाईचा उजवा हात वर, तोंड उघडं, डोक्याचं फडकं सुटून खांद्यावर आलेलं. हा फोटो पेपरात आला, मग लोकांच्या मोबाईलवर, मग भिंतींवर रंगवलेला. परदेशातल्या मोर्च्यांतसुद्धा कुणी तो छापून हातात धरला म्हणे. अकुमू खूश होती. मीही होते, शेजारीण म्हणून.

मग एका सकाळी ती बाईच स्टुडिओत आली. मी तिथेच चहा पीत बसले होते.

"ही मी आहे," भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून ती म्हणाली. "सेरफिना अदेरो. मी बाजारात तळलेले मासे विकते."

"बस ना," अकुमू म्हणाली. "तुला किती शोधलं मी."

"तुझ्याआधी पोलिसांनी शोधलं. मला म्हणतात, तू पुढारी आहेस. आणि मोर्चावाली पोरं येऊन म्हणतात, आई, पुढच्या वेळीही पुढेच उभी राहा. अगं बाई, मी मोर्च्यात नव्हतेच. भाड्याने सवारी नेणाऱ्या बोडावाल्याच्या मोटारसायकलवर माझं माशांचं घमेलं बांधलेलं होतं. धूर सुटला तसा तो घमेल्यासकट पळाला. मी त्याला हाका मारत होते."

"काय म्हणून?"

"थांब रे मेल्या, माझे मासे. दुसरं काय म्हणणार?"

मला हसू आवरेना. अकुमू हसली नाही. तिने संगणक लावला आणि त्या दिवशीचे पुढचेमागचे फोटो उघडले. आधीच्या फोटोत कडेला खरंच मोटारसायकलचं मागचं चाक होतं. नंतरच्या फोटोत अदेरोचा हात तसाच वर होता, पण डोळे भलतीकडेच होते. तिकडे पोलीस एका माणसाला खाली पाडून बडवत होते.

"इथे तू कुठे बघते आहेस?" अकुमूने विचारलं.

अदेरो पडद्याजवळ वाकली. खाली पडलेल्या माणसावर बोट ठेवलं.

"त्याला मारत होते ना. शर्ट पार फाटला होता त्याचा."

"मग तेव्हा काय ओरडलीस?"

"मासेच म्हणत असेन. का सोडा त्याला म्हटलं? आता तू विचारतेस म्हणून तसं वाटतंय. मला नाही गं आठवत."

ती गेली, आणि अकुमू दिवसभर ते तीन फोटो उलटसुलट बघत राहिली.

त्याच सुमारास डाकारहून फोन आला. जगभरातल्या मोर्च्यांच्या फोटोंचं तिथे प्रदर्शन होतं आणि त्यांना हा फोटो हवा होता. खालची ओळ त्यांनीच लिहून ठेवली होती: भुकेविरुद्ध उभी राहिलेली आई. अकुमूने त्यांना सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस सभ्य होता, पण गोंधळला.

"मग बाई, हा मोर्च्याचा फोटो आहे की नाही?"

"तेच मला कळत नाही."

"काढलात तर तुम्हीच ना?"

"मीच काढला. मला वाटलं ती चिडली आहे. चिडली तर ती होतीच."

शेवटी अकुमूने सांगितली ती ओळ त्यांनी लावली: किसुमू. सेरफिना अदेरो, मासे विकणारी, ओरडते आहे. तिथल्या भिंतीवर लावलेल्या फोटोचा फोटो त्यांनी पाठवला. समोर माणसं उभी होती.

"ही बाई बघ, डोळे पुसते आहे," अकुमू मला म्हणाली. "कशासाठी पुसत असेल?"

"मला काय विचारतेस? तू फोटोवाली."

पुढच्या मोर्च्यात अदेरो खरोखरच सगळ्यांच्या पुढे होती. अकुमू तिच्याजवळ गेली.

"आज मासे कुठे आहेत?"

"आज मासे नाहीत. भिंतीवर रंगवलेल्या त्या बाईला रोज येताजाता बघते. वाटलं, हिने यायला हवं."

त्या दिवशी धूर सुटला, लाठ्या चालल्या. अदेरोला काही झालं नाही. अकुमूने तिचा एकही फोटो काढला नाही. संध्याकाळी दुकानात येऊन माझ्या मशीनपाशी बसली.

"मी तो फोटो काढला नसता तर ती आली असती का? आणि आज तिचं डोकं फुटलं असतं तर?"

"पीठ तर महागच आहे की. ती त्यासाठीही आली असेल."

"असेल," ती म्हणाली, पण तिचं समाधान झालं नाही. माझंही कुठे झालं होतं?

नंतर बरेच महिने तिने फक्त लग्नांचे फोटो काढले. बाहेर घोषणा सुरू झाल्या की तीही माझ्यासारखी शटर ओढायची. पण आत तिला बसवेना. पत्र्याला कान लावून उभी राहायची. मग एक दिवस निघालीच. आता मात्र ती फोटो काढल्यावर माणसाला गाठते आणि विचारते, काय ओरडत होतास? कुणी शिव्या देतं, कुणी अर्धा तास भाषण देतं, आणि कुणाला स्वतःलाच सांगता येत नाही.

परवा शिक्षकांच्या मोर्च्यात एक म्हातारा मोठा फलक उंच धरून छाती पुढे काढून चालला होता. अकुमूने त्याचा फोटो काढला, मग त्याला विचारलं.

"माझा नाही हा," म्हातारा म्हणाला. "एकजण म्हणाला, आजोबा, जरा धरा, मी लघवीला जाऊन येतो. मघापासून त्यालाच शोधत चाललोय."

"मग खाली ठेवा की."

"आधी तेच वाटलं होतं. पण यावर लिहिलंय काय ते तरी सांग, मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

अकुमूने वाचून दाखवलं: शाळेत पोरं जास्त, शिक्षक कमी, पगार त्याहून कमी. म्हातारा फलक पुन्हा उंच धरून पुढे चालू लागला.