घरबसल्या चालणारी मोटार

आमच्या घरात इंजिनिअर मी एकटाच, आणि विहिरीवरची मोटार ज्याला चालू करता आली नाही असाही मी एकटाच.

पुण्याची नोकरी सोडून मी घाटनांदूरला शेतावर राहायला आलो, तेव्हापासून माझं लग्न जमेना. येणारे पाहुणे एकच विचारायचे, "पोरगं परत कशाला आलं?" आणि पोहे संपवून निघून जायचे. मग मी ठरवलं, आपण इथे काय करतो ते दाखवूनच द्यायचं. काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक कॉम्प्युटर आणला. त्याला ना डबा, ना हार्ड डिस्क. त्याला चालवणारं लिनक्स आणि माझा प्रोग्रॅम, सगळं नखाएवढ्या मेमरी कार्डावर. कार्ड खोचून लाइट दिली की तो कार्डावरूनच जागा व्हायचा, ओसरीतल्या टीव्हीवर पांढऱ्या ओळी सरसर धावायच्या, आणि मग मोबाइलवर बटण दाबलं की समोरच्या विहिरीवरची मोटार सुरू! (हे जमायला मला अख्खा उन्हाळा लागला. त्यातला बराच वेळ मी यंत्रासमोर डोकं धरून बसलेला असायचो. हे लक्षात ठेवा.)

दिंद्रुडचे पाहुणे घर बघायला आले. मुलीचे वडील आणि स्वतः मुलगी, शिवानी. वडिलांना मी मामा म्हणायचं ठरलं होतं. मामांच्या खांद्याला पिशवी आणि पिशवीत भजनं ऐकायचा छोटा स्पीकर. जिथे मामा तिथे स्पीकर.

पोहे झाल्यावर मी उभा राहिलो.

"मामा, बघा. जागेवरून न हलता मोटार चालू करतो."

लाइट दिली. टीव्ही काळा. पुन्हा दिली. काळाच. यंत्रावरचा लाल दिवा तेवढा लागला होता, पण कार्ड वाचताना लुकलुकणारा हिरवा दिवा ढिम्म.

"गरम व्हावं लागतंय काय जरा?" मामांनी विचारलं. डिझेल इंजिनावर आयुष्य काढलेला माणूस.

"हो, जरासं," मी म्हणालो. (इंजिनिअरिंगची सगळी वर्षं या दोन शब्दांत बुडाली.)

माझे वडील, अण्णा, यांनी माझा चेहरा ओळखला. "म्हशीला पाणी दावून येतो," म्हणून ते मागच्या दाराने सटकले. थोड्या वेळाने मी बटण दाबायला आणि विहिरीवर मोटार घुमायला एकच गाठ पडली. हौदात धो धो पाणी.

मामा खूश. "लई भारी. आन् बंद?"

बंदचा विचार आम्ही बापलेकांनी केलाच नव्हता.

मी बटण दाबलं. पाणी चालू. पुन्हा दाबलं. पाणी चालूच. मी मोठ्याने खोकलो. अण्णा बिचारे स्टार्टरच्या पेटीमागे लपून, सगळं छान चाललंय या समजुतीत. हौद भरला, वाहू लागला, पाणी अंगणात आलं आणि मामांची एक चप्पल तुळशीला वळसा घालून निघाली. शेवटी आई ओसरीतून ओरडली, "आवं, बंद करा की! पाव्हणे कवाचं म्हनायलेत!"

मोटार तत्काळ बंद झाली.

"चांगलंच घरबसल्या हाय हे," मामा म्हणाले.

मी शरमेने यंत्रातलं कार्ड उपसून काढलं. "परवापर्यंत चालत होतं!"

"आरं, कालच तर म्या ते नीट करून आनलं," आई म्हणाली. "तू रोज त्येच्याम्होरं डोकं धरून बसायलास. म्या कार्ड माझ्या मोबाइलात घातलं, तर मोबाइल म्हन्ला, कार्ड खराब हाय, फॉरमॅट करा. मंग बंडूकडं नेलं. त्यानं पुसून दिलं. आन् रिकामं कशाला ठिवायचं, म्हनून भजनं भरून आनली."

बंडू माझा चुलतभाऊ. स्टँडवर त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि तो गावाला कार्डात गाणी भरून देतो. लिनक्सचं कार्ड मोबाइलला वाचता येत नाही म्हणून तो त्याला खराब म्हणतो, एवढं मी आईला कधी सांगितलंच नव्हतं. माझा अख्खा उन्हाळा बंडूने एक चहा पिता पिता पुसला होता.

मामांनी हात पुढे केला. "बगू." त्यांनी कार्ड आपल्या स्पीकरात घातलं. टाळ-मृदंग सुरू झाला. मामांनी डोळे मिटले आणि चिखलातल्या पायाने ठेका धरला.

शिवानी मामांची चप्पल शोधायच्या निमित्ताने माझ्याजवळ आली.

"कार्डाची कॉपी काढून ठिवली न्हवती?"

"नाही."

"इंजिनिअर हाव ना तुमी?"

मला तिथेच ती फार आवडली. आता ही जाणार, हे मी धरूनच चाललो.

पण होकार आला. लग्नानंतर मी तिला कारण विचारलं. म्हणाली, "आईंच्या एका हाकंवर अण्णांनी मोटार बंद केली, तवाच ठरवलं. ह्या घरात बाईचं आयकत्यात."

मोटार आता खरंच घरबसल्या चालते. कार्डाची कॉपी शिवानी दागिन्यांच्या डब्यात ठेवते आणि किल्ली मला देत नाही. दिंद्रुडला मात्र मामांनी गावभर करून ठेवलंय, "जावई इंजिनिअर हाय. कार्डात भजनं लई झ्याक भरतो." सासुरवाडीला गेलो की ओसरीवर माणसं कार्डं घेऊन बसलेली असतात. मी निमूटपणे भरून देतो. कुठे अडलंच, तर बंडूला फोन करून विचारतो.