आठवड्याचे नऊ दिवस

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवापाशीही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगायला गेले नाही. आता तुम्हाला सांगते आहे. का? मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. माझं मन चांगलं दणकट आहे. आणि तुम्ही जर वाट बघत असाल की ही बाई आता डोळ्याला पदर लावणार — तर तसं काही होणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा मला कंटाळा आला आहे, एवढंच.

ग्वाल्हेरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी सांख्यिकी सहायक होते. डॉक्टर लोक रुग्ण तपासत, फॉर्म भरत, आणि त्या गठ्ठ्यांतून निष्कर्ष काय निघतो ते मी संगणकावर काढून देत असे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर आमच्या विभागात मला एकटीला चालवता यायचं. मोठमोठे प्रोफेसर माझ्या खुर्चीमागे उभे राहून विचारायचे, "देखिए ना मैडम, कुछ निकलता है क्या?" आवडायचं मला ते. का आवडू नये? आमच्या घरात पणजोबांपासून सगळे दरबारी कारकून. दुसऱ्यासमोर उभं राहायची सवय आम्हाला. आपल्यासमोर कुणी उभं राहिलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर दीपक जाधव बसायचा. फॉर्मवरचे आकडे संगणकात भरणं हे त्याचं काम. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, घराणं जुनं शिपाईगिरीचं, राहायला गावातच हजीऱ्याला, घरात तो आणि त्याची आई. सगळ्या विभागात मराठी आम्ही दोघंच. साहेबांची टिंगल करायची असली की आम्ही मराठीत बोलायचो आणि बाकीचे नुसते बघत बसायचे. भाऊबीजेला मी त्याला ओवाळायचे. मला सख्खा भाऊ नाही — पण ते जाऊ द्या, ते सांगून मला काही मिळवायचं नाही.

तेव्हा राज्याची वाटणी चालली होती. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघत होतं, आणि जमीन, फायली, मोटारी यांच्याबरोबर माणसंही वाटली जात होती. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, याच्या याद्या. रोज नवी अफवा. एक दिवस कळलं की आमच्या विभागातल्या दोन पदांपैकी एक तिकडे द्यायचं आहे, आणि नाव सुचवायचं आहे आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे डॉक्टर माथुरांनी. दोन पदं म्हणजे मी आणि दीपक. आम्ही दोघांनी तो विषय मराठीतसुद्धा काढला नाही.

त्याच दिवसांत माथुर सरांचं मोठं काम माझ्याकडे आलं. हजीरा भागातल्या गरोदर बायकांना त्यांनी घरपोच लोहाच्या गोळ्या वाटल्या होत्या, आणि आता बघायचं होतं की बायका त्या खरोखर घेतात का. फॉर्मवर प्रश्न होता, आठवड्यातून किती दिवस गोळी घेतली? उत्तर शून्यापासून सातापर्यंत. आणि बाई घरी भेटलीच नाही, माहेरी गेली असली, तर तिथे नऊ लिहायचा. नऊ म्हणजे उत्तर नाही. आमची रीतच होती ती. माणसाला हे एकदा सांगितलं की पुरतं. सॉफ्टवेअरला मात्र दर वेळी वेगळं सांगावं लागतं — नऊला मोजू नकोस, तो आकडा नव्हे. एका ओळीचं काम असतं. ती ओळ मी लिहिली नाही.

दीपकने विचारलं होतं. फॉर्म भरून संपले त्या दिवशी डबा बंद करता करता म्हणाला, "ताई, तो नौ वाला मिसिंगमध्ये टाकून दिला ना तुम्ही? पुष्कळ बायका भेटल्याच नाहीत." मी म्हटलं, "हो रे." टाकला नव्हता. टाकेन म्हटलं आणि विसरले.

निकाल झकास आला. येणारच. ज्या बायका घरी सापडल्याच नव्हत्या, त्या आमच्या तक्त्यात आठवड्याचे नऊ दिवस निष्ठेने गोळ्या घेत होत्या, आणि त्यांच्या जोरावर सगळ्या हजीऱ्याची सरासरी चढली होती. माथुर सर इतके खूश झाले की नई सडकवरून तिळाची गजक मागवून त्यांनी विभागात वाटली. भोपाळहून तज्ज्ञ बोलावले, बैठक ठरली.

मी विसरले, असं वर लिहिलं आहे. थांबा. ओळ लिहायची विसरले हे खरं. पण तिथेच सोडलं तर ते अर्धंच खरं होईल, आणि अर्धं खरं बोलण्यात मी किती तरबेज आहे ते तुम्हाला पुढे कळेलच. बैठकीच्या आदल्या दिवशी मी छापलेला कागद पुन्हा चाळला. किमान शून्य, कमाल नऊ. आठवड्याला दिवस सात — आणि कमाल नऊ! मी पेन्सिलने त्या नऊभोवती गोल केला. मग खोडरबर घेऊन तो गोल पुसला. सर आनंदात होते, नाव त्यांच्या हातून जायचं होतं, आणि हरिशंकरपुरमच्या आमच्या नव्या घराला रंग लागत होता. कोण बघतंय एवढं बारीक, म्हटलं. मूग गिळून बसले.

बघणारा निघाला. भोपाळहून आलेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "माथुर साहब, आपके ग्वालियर में हफ़्ता नौ दिन का होता है क्या?" खोलीभर हशा. सरांचे कान लालबुंद. ते आमच्याकडे वळले — माझ्याकडे आणि माझ्या शेजारी बसलेल्या दीपककडे.

मी म्हटलं, "एंट्री जाधव ने की है, सर."

यात खोटं काय आहे, सांगा? एंट्री त्यानेच केली होती. एकूण एक नऊ त्याने भरला होता, आणि अगदी बरोबर भरला होता. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. उभ्या जन्मात इतका पक्का खोटेपणा मी दुसरा केला नाही.

दीपक माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही — वाट बघत. ताई आता पुढचं वाक्य बोलतील, नऊ म्हणजे काय ते सांगतील, असं त्याला वाटत होतं. भरल्या सभेत ताईला खोटं पाडणं त्याला जमणारं नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं. त्या भरवशावरच तर मी बोलले. सरांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. बाहेर जिन्याशी तो म्हणाला, "ताई, सरांना नंतर सांगून द्याल ना?" मी पुन्हा म्हटलं, "हो रे."

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ लिहिली. सरासरी खाली आली, खरा निकाल निघाला. चूक 'पकडल्याबद्दल' सरांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली. नाव कुणाचं द्यायचं याचा त्यांना फार विचार करावा लागला नाही. दीपक तिकडे छत्तीसगडात, जगदलपूरला गेला, एका आरोग्य कार्यालयात. आईने हजीरा सोडायला साफ नकार दिला. त्याला वर्षातून एकदा यायला जमे.

तुम्ही म्हणाल, वाटणीच्या त्या गोंधळात कुणाला तरी जावंच लागणार होतं. म्हणू नका. मलाही ते म्हणता येतं, मी म्हणत नाही. सरकारने नव्हे, यादीने नव्हे, मी पाठवलं त्याला. मला ग्वाल्हेर सोडायचं नव्हतं, आणि चूक माझी निघालेली मला चालणार नव्हती. पैकी दुसरं कारण मोठं. पुन्हा तीच बैठक भरली तर मी वेगळी वागेन का? वागेन, असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

त्याच्या आईकडे मी जात असे. टेंपोने हजीऱ्याला, पंधरा दिवसांतून एकदा — औषधं, कधी भाजी, दीपकच्या पत्राचं उत्तर लिहून देणं. आळीतल्या बायका म्हणायच्या, अशी माणसं आता कुठे असतात. मी ऐकून घ्यायचे. प्रायश्चित्त म्हणून जात होते असं समजू नका. मावशी मला आवडायच्या. आणि दीपकने त्यांना काय सांगितलं आहे, हे मला जाणून घ्यायचं होतं. बरीच वर्षं गेली तरी त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. मी निर्धास्त झाले होते.

शेवटच्या आजारात एकदा मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि माझा हात धरला. म्हणाल्या, "पद्मा, एक बोलायचं राहून गेलं. दीपकच्या गलतीपायी तुला तेव्हा साहेबासमोर नीचा बघावं लागलं. त्यानेच सांगितलं मला, माझ्या हातून चूक झाली म्हणून. तरी तू येत राहिलीस. त्याला माफ कर, पोरी."

म्हणजे त्याने आईपाशीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. आणि आई मुलाच्या चुकीसाठी माझ्यापुढे हात जोडत होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ऐकणारं माणूस आठवड्याभरात जाणार होतं. नोकरी, यादी, माथुर सर — भ्यावं असं काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

मी त्यांचे जोडलेले हात खाली केले. म्हटलं, "जाऊ द्या मावशी. मी त्याला कधीच माफ केलं."