पाच मागितले, एक दिला

दाजींचा, म्हणजे विजूच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी सांगलीत नाटकाच्या तालमीत होतो आणि माझी अर्धी मिशी चिकटवून झाली होती. "रंगराव, विजया गेली," एवढंच ते म्हणाले. फौजेत सुभेदार होते, वाक्य लांबवायची सवय नाही. मी तसाच गाडीत बसलो. तासगावला त्यांच्या अंगणात उतरलो तेव्हा कुणीतरी कानाशी लागून सांगितलं, की सर, मिशी एकाच बाजूला आहे... विजूनं पाहिलं असतं तर उठून बसली असती. "मयताला तरी सोंग पुरं करून ये की रं, रंग्या!"

पुढं शोकसभा झाली. डॉक्टर विजया सूर्यवंशी कशा मृदू होत्या, कशा कुणाच्या अध्यात ना मध्यात, यावर एकामागून एक भाषणं झाली आणि मी रुमाल तोंडात कोंबून बसलो. लोकांना वाटलं, रडतोय. मृदू? आम्ही एका गल्लीत वाढलो. या मृदू बाईनं मला पेरूच्या झाडावरून ढकललंय, आणि वर 'पडला कसा' याची चौकशीही तिनंच केली आहे. मेलेल्या माणसाला लोक ताबडतोब इस्त्री करून ठेवतात. मला ते मान्य नाही. म्हणून हा लेख.

विजूचा दवाखाना तासगावातच. द्राक्षं वाळवून बेदाणा करायच्या शेड इथं गावोगाव. मालाला सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि त्या धुरात बाया राबतात. त्या खोकत यायच्या. कुणाला आधीच्या डॉक्टरनं दम्याचा पंप दिलेला, कुणावर क्षयाचा संशय, कुणाला नुसत्याच बाटल्या. विजूनं वर्षानुवर्षं त्यांना तपासलं आणि तिच्या लक्षात आलं, की हंगाम संपला, शेड बंद झाली, तरी काहींचा खोकला महिनोन्‌महिने जात नाही. तिला हे एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आणायचं होतं. कशासाठी? "तालुक्यातल्या डॉक्टरनं बाईला एक प्रश्न विचारावा, शेडला जाता का म्हणून. मी सांगितलं तर म्हणतात, डॉक्टरीणबाईंचा अंदाज. छापलं की ऐकत्यात."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून भाषा तपासायला मला धरून आणलं आणि हळूच लेखामागच्या संदर्भयादीला जुंपलं. तो एक स्वतंत्र सोवळ्याचा स्वयंपाक आहे. आधी आडनाव, मग आद्याक्षर, आद्याक्षरापुढं टिंब द्यायचं नाही. नियतकालिकाचं नाव तोडून लिहायचं. वर्षापुढं अर्धविराम, पानांच्या आधी अपूर्णविराम. मी म्हणालो, "अगं, याला सॉफ्टवेअर असतंय." ती म्हणाली, "सॉफ्टवेअर टिंबं लावतंय. वाचायला मलाच लागतंय." आणि खरंच, स्वतः वाचल्याशिवाय एक संदर्भ ती यादीत घेत नव्हती. दुसऱ्याच्या यादीतून उचललेला संदर्भ म्हणजे तिच्या लेखी उष्टं खाणं.

लेख गेला. कोणी तपासला हे गुप्त ठेवायची तिकडं रीत असते. परीक्षकाचा अभिप्राय आला: लेख चांगला आहे, मात्र पुढील पाच महत्त्वाच्या लेखांचा उल्लेख केल्याशिवाय स्वीकारता येणार नाही. आम्ही ती पाच नावं पाहिली. पाचही लेख एकाच गृहस्थाचे! म्हणजे परीक्षक कोण, ते कळलंच. मी विजूची शाल डोक्यावरून घेतली आणि दवाखान्यामागच्या खोलीत त्या गुप्त परीक्षकाची भूमिका करून दाखवली... पडद्याआड उभा आहे, पण धोतराचा सोगा बाहेर लोळतोय. दाजी पोट धरून हसले. विजूही हसली, आणि मग खोकल्यासारखं काहीतरी करून खाली बसली. तिचा आजार तेव्हा आम्हाला कळलेला होता. वेळ फार नाही, हेही.

म्हणून मी शहाणपणा केला. म्हणालो, "घाल की पाची. शेवटची यादी वाचतंय कोण?"

"मी वाचते," ती म्हणाली.

तिनं पाची लेख मिळवले आणि शांतपणे वाचले. चारांचा आमच्या विषयाशी काडीचा संबंध नव्हता. पाचवा मात्र धुराचाच होता. त्यात त्या गृहस्थांनी म्हटलं होतं, की असा खोकला काम थांबल्यावर थोड्याच दिवसांत जातो. विजूचे डोळे असे चमकले, की मला ते पेरूचं झाड आठवलं. "पाहुणा ताटावर बसतोच म्हणतोय न्हवं? मग वाढूया." तिनं तो एक संदर्भ घेतला आणि लेखात वाक्य घातलं: हा निष्कर्ष आमच्या रुग्णांना लागू पडत नाही. सोबत संपादकांना कळवलं, की उरलेले चार वाचले, उपयोगाचे नाहीत.

लेख परत आला. 'स्वीकारता येत नाही.'

मी वैतागलो. विजूनं दुसरं नियतकालिक शोधलं. त्यांची रीत निराळी: यादी आडनावांच्या अकारविल्हे, वर्ष कंसात, नियतकालिकाचं नाव पुरतं. म्हणजे सगळं पुन्हा! तोवर ती मलकापूरच्या दवाखान्यात भरती होती. मी कॉलेज सुटलं की तिकडं जायचो आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन टंकायचो, ती उशीला टेकून मूळ लेखांवरून ताडून बघायची. एकदा नर्स म्हणाली, "मॅडम, आराम करा हो जरा." विजू म्हणाली, "करते की. हा रंग्या स्वल्पविराम कुठं देतोय तेवढं बघते, मग करतेच आराम." लेख स्वीकारल्याचं तिला कळलं. छापलेला तिनं पाहिला नाही.

ती गेल्याचं आम्ही संपादकांना कळवलं होतं. गेल्या आठवड्यात छपाईआधीची प्रत तपासायला आली, सोबत सांत्वनाचे दोन सभ्य शब्द आणि एक सभ्य विचारणा: एका ज्येष्ठ संशोधकाला थेट विरोध करणारं वाक्य लेखात आहे, आक्षेप आल्यास लेखिका आता उत्तर देऊ शकणार नाहीत, तरी ते वाक्य व तो संदर्भ वगळावा काय?

दवाखान्यामागच्या त्या खोलीत तिची खुर्ची आहे, टेबलावर वाचलेल्या लेखांचा ढीग आहे, तिच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. मी पलीकडच्या स्टुलावर बसून उत्तराचा मसुदा केला. फार सुंदर इंग्रजी. आदर, खेद, विनम्र नकार, सगळं होतं. दाजींना मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लय लांबलंय, रंगराव."

"मग काय लिहू?"

ते उठले, विजूच्या खुर्चीत बसले आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढून एका बोटानं टंकू लागले. फौजेतलं इंग्रजी, एकेक अक्षर शोधून. मी मान लांब करून वाचलं. लिहिलं होतं:

'वाक्य राहील. ज्यांना शंका असेल त्यांनी हंगाम संपल्यावर तासगावला यावं. बायका खोकताहेत. ऐकवतो.'

मी त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही.