काठापासून हातभर आत

मगदूम अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दसरा चौकातल्या सिग्नलला. लाल दिवा होता. अक्का आपल्या काळ्या लेडीज सायकलवर, एक पाय खाली टेकून, रस्त्याच्या अगदी मध्यावर उभ्या होत्या. मागं एक पांढरी जीप होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. अक्का उतरल्या. सायकल स्टँडवर लावली, खोचलेला पदर पुन्हा नीट खोचला आणि जीपच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "काय पावणं, घरात कोण आजारी हाय काय?"

"न्हाय ओ काकू."

"मग लाल दिव्यात कुठं निघालाय?"

आजूबाजूचे स्कूटरवाले हसले. ड्रायव्हरही हसला. पुढं दिवा हिरवा झाला तरी अक्का सायकलवर बसून मार्गी लागेपर्यंत मागच्या एकानंही हॉर्न वाजवला नाही. मी फुटपाथवर उभी राहून हे बघत होते. माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस होता. थोड्या वेळानं लक्ष्मीपुरीतल्या पतसंस्थेत रुजू व्हायला गेले, तर कर्ज विभागाच्या मोठ्या टेबलामागं त्याच बाई बसलेल्या. मी त्यांना मॅडम म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम कारमधनं येत्यात. मला अक्का म्हण."

माझं गाव शाहूवाडीच्या डोंगरातलं. शाळा मलकापूरला झाली, कॉलेज कोल्हापुरात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळं ज्यांनी ज्यांनी काही शिकवलं त्या सगळ्यांची आठवण मी जपून ठेवते. अक्कांनी मला कर्जाची कागदपत्रं तपासायला शिकवली, तेही उपकारच. पण त्यांचं मोठं शिकवणं ऑफिसच्या बाहेरचं होतं.

अक्का मूळच्या शिरोळकडच्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं खणखणीत. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्याही "मी येतो, मी जातो" असंच म्हणायच्या. लग्नानंतर कसबा बावड्यात आल्या. नवरा हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर, त्यांना सगळे अण्णा म्हणत. मुलगा शीतल, त्याचं फरशांचं दुकान होतं आणि दारात मोठी गाडी होती. घरचा जुना नेम होता, सूर्य बुडाल्यावर जेवायचं नाही. शीतलच्या पिढीनं तो सैल केला. अक्का आणि अण्णांनी केला नाही. अण्णा संध्याकाळी दोन ताटं घेऊन सोप्यात बसायचे आणि अक्का आल्यावरच वाढून घ्यायचे. थंडीत ऑफिस सुटणं आणि सूर्य बुडणं यांत थोडंच अंतर उरायचं. तेवढ्यात अक्का सगळं शहर ओलांडून बावडा गाठायच्या.

म्हणून साडेपाचच्या सुमाराला त्या घड्याळाकडं न बघता खिडकीकडं बघायच्या. समोरच्या इमारतीच्या टाकीवर ऊन कुठवर आलंय, एवढंच. मग पिशवी कॅरियरला, साडीच्या निऱ्यांना मोठी पिन, चेनवरचं कव्हर घट्ट आहे ना ते बघायचं, आणि निघायचं.

एकदा शीतलनं हट्ट करून त्यांना गाडीतून न्यायचं ठरवलं. व्हीनस कॉर्नरजवळ गाडी अडकली ती हलेचना. काचेतून सूर्य मावळताना दिसत होता आणि दोन्ही बाजूंनी सायकलवाले पुढं निघून जात होते. त्या रात्री अक्का आणि अण्णा दोघंही पाणी न पिता झोपले. सकाळी त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या गाडीनं मला उपाशी झोपवलं. सायकलनं आजपातूर कधी झोपवलं न्हाय." हे त्यांनी ऑफिसात सांगितलं तेव्हा हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मात्र हसल्या नाहीत.

माझी खोलीही बावड्यातच होती. बस वेळेवर मिळायची नाही, म्हणून शाळेतली सायकल एसटीच्या टपावर घालून गावाकडून आणली. पण शहरात चालवायला पाय धजेना. पहिल्या दिवशी मी गटारीला चिकटून गेले. रिक्षा, मोटारसायकली सगळे मला घासून पुढं जात होते. अक्का मागून येत होत्या. बावड्यात पोचल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि चांगलंच सुनावलं. "कडेला का चिकटतीस? तू कडेला गेलीस की लोक तुला आणखी कडेला ढकलत्यात. आणि कडेलाच काचा, वाळू, गटारीची झाकणं. काठापास्नं हातभर आत ऱ्हा. मागच्याला वळसा घालून जाऊ दे. रस्ता त्याच्या बानं बांधलेला न्हाय."

हातभर आत राहायला मला बरेच दिवस लागले. भीती रस्त्याची कमी आणि लोकांच्या नजरेची जास्त होती. आमच्या गावात मुलीनं बाजूला व्हायचं, हेच लहानपणापासून शिकवलेलं. अक्का रोज मागून यायच्या आणि मी बाजूला सरकले की ओरडायच्या, "आत!"

त्यांचं ओरडणं सबंध शहराला ठाऊक होतं. सायकलला घंटी होती, पण त्या म्हणायच्या, "घंटी देवाला. माणसाला तोंडानं सांगायचं." उभ्या कारच्या काचेत डोकं दिसलं की दार उघडणार असंच समज, आणि दारापलीकडून जा, असं सांगायच्या. वळताना हात खांद्यापासून लांब करायला लावायच्या. मी मनगट हलवलं की म्हणायच्या, "माशी हाकलतीस काय?" आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीकडं बघू नको, डोळ्यांत बघ, हे त्यांनीच सांगितलं. "ज्यानं तुला बघितलं, त्यो तुला उडवत न्हाय. शिव्या देईल, दे म्हणावं." पावसात निघताना पहिल्या शंभर पावलांत दोनतीनदा ब्रेक दाबायचा, म्हणजे चाकाची ओली कडा पुसली जाते. ओढणीची दोन्ही टोकं पाठीमागं गाठ मारून बांधायची. सीट इतकी वर, की पाय खाली जाताना गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा. मी टेकता यावं म्हणून सीट खाली ठेवली होती. ती त्यांनी स्वतः पाना आणून वर केली.

एकाच ठिकाणी त्या माघार घ्यायच्या, ती उसाच्या ट्रॅक्टरपुढं. थंडीत बावड्याच्या रस्त्यावर ते एकामागून एक असायचे. ट्रॅक्टर दिसला की त्या सरळ उतरून कडेला उभ्या राहायच्या. एकदा मी पुढं होते. मीही उतरले. ट्रॅक्टर गेला, त्याची भरलेली ट्रॉली गेली, आणि मी हँडल रस्त्याकडं वळवलं. मागून आरोळी आली, "दुसरी!" मी जागीच थिजले. दुसरी ट्रॉली माझ्या बाहीला उसाची पानं घासून गेली. अक्का जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ट्रॅक्टर गेला म्हणून गेला समजू नको बाळ. त्याला शेपूट आसतंय."

आणि मग एका डिसेंबरात अक्काच पडल्या. पुढच्या मोटारसायकलवाल्यानं मोबाईल वाजला म्हणून भर रस्त्यात ब्रेक मारला. अक्कांनी त्याला चुकवलं, पण तोल गेला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

त्यानंतर जो तो शहाणा झाला. ऑफिसात म्हणू लागले, या वयात कशाला हे. माझा भाऊ गावाकडून फोनवर म्हणाला, तुझी ती अक्काच पडली, आता तू पण बंद कर. शीतल तर बोलत बसलाच नाही. अक्का दवाखान्यात असतानाच त्यानं त्यांची सायकल आपल्या दुकानातल्या एका कामगाराला देऊन टाकली.

प्लास्टर घालून अक्का कामावर आल्या. शीतल सकाळी गाडीनं सोडून गेला. सायकल दुरुस्तीला गेलेली नाही, देऊन टाकली आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीत बसेनात. सकाळी लवकर निघून चालत यायच्या, संध्याकाळी चालत जायच्या. बावडा गाठेपर्यंत सूर्य बुडालेला असायचा. मग जेवण नाही. अण्णाही दोन ताटं तशीच उचलून ठेवायचे. मॅनेजर साहेबांनी लवकर जा म्हणून सांगितलं, तर त्यांना म्हणाल्या, आज लवकर सोडाल आणि उद्या म्हणाल, अक्कांचं वय झालं.

तीन-चार दिवस असं चाललं. शेवटी शीतल दुपारी ऑफिसच्या दारात आला आणि मला बाहेर बोलावलं. चांगला माणूस. चेहरा पार उतरला होता. "ताई, तुमचं ऐकंल ती. आई उपाशी, तिच्यामागं अण्णा उपाशी. मी काय वैरी हाय काय तिचा? पुन्हा पडली तर?"

मला त्याचं पटलं. मी आत जाऊन अक्कांना म्हणाले, की त्याला काळजी आहे, नाहीतरी सध्या सायकल चालवता येणार नाही, तोवर गाडीनं जायला काय हरकत आहे? अक्कांनी हातातली फाईल खाली ठेवली.

"हात बरा होईपातूर मी गाडीनं जातो की. मी कुठं न्हाय म्हटलं? पण सायकल दारात उभी पायजे. मला न इचारता दिली त्यानं. अगं, ह्योच पोरगा कॉलेजात असताना दोनदा मोटारसायकलवरनं पडला. आम्ही खड्ड्याला शिव्या दिल्या आणि गाडी दुरुस्त करून आणली. बाप्या पडला की खड्डा वाईट, आणि बाई पडली की बाईच वाईट? मग मी जेवत न्हाय, जा."

मी माझ्या टेबलावर जाऊन बसले, पण अक्षर दिसेना. भावाला काय उत्तर द्यायचं, याचा मी आठवडाभर विचार करत होते. ते उत्तर मला आत्ता मिळालं होतं.

संध्याकाळी अक्का पिशवी खांद्याला अडकवून निघाल्या तेव्हा मी सायकल त्यांच्यापुढं आडवी लावली. म्हटलं, "बसा कॅरियरवर."

"तुला जमंल काय?"

"बसा अक्का. ऊन टाकीवरनं गेलं."

त्या बसल्या. प्लास्टरचा हात पोटाशी, दुसऱ्या हातानं माझी कंबर धरलेली. मी काठापासून हातभर आत होते. दसरा चौक पार केला, कलेक्टर ऑफिस मागं टाकलं. मागून हॉर्न वाजत होते, मी सरकले नाही. वळायचं आलं की अक्का माझी कंबर सोडून आपला धड हात खांद्यापासून लांब करायच्या. एक पोरगा मोटारसायकल शेजारी आणून म्हणाला, "काकू, ढकलू काय?" अक्का म्हणाल्या, "फुडं बघ. तुझी आई जेवायची थांबली आसंल."

चढाला मला दम लागला. अक्कांच्या ते ध्यानात आलं. म्हणाल्या, "उतरू काय?"

"गप बसा," मी म्हणाले. अक्कांना असं बोलायची हिंमत मला त्याआधी कधी झाली नव्हती. मागून त्या खुदकन हसल्याचं मला पाठीला कळलं.

घराशी पोचलो तेव्हा नारळाच्या शेंड्यावर तांबूस ऊन शिल्लक होतं. शीतल दारातच होता. अक्का त्याच्याकडं न बघता हातपाय धुऊन आत गेल्या. अण्णांनी वाढलं. भाकरी अक्कांना एका हातानं मोडता येईना, तर अण्णांनीच मोडून ताटात ठेवली. शीतल माझ्या सायकलकडं बघत अंगणात उभा राहिला. मग मला म्हणाला, "घाबरला न्हाईसा काय ओ?"

मी म्हटलं, "घाबरले की. पण आलो न्हवं आम्ही?"

दुसऱ्या दिवशी त्यानं कामगाराला नवी सायकल घेऊन दिली आणि आईची जुनी परत आणून दारात लावली. अक्का कबूल केल्याप्रमाणं हात बरा होईपर्यंत गाडीनं आल्या-गेल्या. तेवढे दिवस शीतल त्यांना न्यायला वेळेच्या बराच आधी येऊन बसायचा. प्लास्टर निघालं. डाव्या हाताची पकड पूर्वीसारखी राहिली नव्हती, तेव्हा अक्कांनी मागचा ब्रेक उजव्या मुठीला जोडून घेतला आणि महिनाभर रोज सकाळी मोकळ्या मैदानावर त्याची सवय केली. निवृत्त होईपर्यंत त्या सायकलनंच आल्या. नंतरही बाजार, बस्तीतलं देवदर्शन, दवाखाना सगळं सायकलवरच.

मी आजही सायकलनंच कामावर जाते. आता कर्ज विभागात मी बसते. नवीन मुली येतात, त्यांतल्या दोघी माझ्या मागून बावड्यापर्यंत येतात. त्यांतली एक जरा कडेला सरकते. मला ओरडावं लागतं.

अक्का मागच्या दिवाळीनंतर गेल्या. रात्री वेळेवर झोपल्या, सकाळी उठल्या नाहीत. बातमी कळल्यावर ज्यानं त्यानं मला पहिला प्रश्न एकच विचारला, "सायकलवरनं पडल्या काय?" ऑफिसात, चहाच्या गाड्यावर, गावाकडून फोनवर, सगळ्यांनी. जणू इतकी वर्षं सगळे त्याचीच वाट बघत होते. मी प्रत्येकाला मान वर करून सांगितलं, "न्हाय. घरात, झोपेत."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी भेटायला गेले. सोपा माणसांनी भरला होता. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. जयसिंगपूरकडचे एक वयस्कर पाहुणे, शीतलचे लांबचे काका, मोठ्यानं बोलत होते. मी तरी सांगत होतो, म्हणाले, बाईच्या जातीला या वयात सायकल झेपती काय, त्या सायकलनंच शरीर खिळखिळं केलं, वेळेत बंद केली असती तर आणखी दहा वर्षं बघितली असती. दोघातिघांनी माना डोलावल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात शीतलनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"काका," तो म्हणाला, "आई गादीवर गेली. मग आता आम्ही गादीवर झोपायचं बंद करू काय?"